बूट खुंटीला टांगल्यावर

३० जुलै १९६६ रोजी वेम्बलीवर पश्चिम जर्मनीला ४-२ असं हरवून इंग्लंडनं फुटबॉलचा विश्वचषक जिंकला. बक्षिसाचे बावीस हजार पौंड संघातल्या बावीस जणांनी सारखे वाटून घेतले, म्हणजे माणशी हजार पौंड. त्या दिवशी मैदानात उतरलेल्या अकरा जणांनी पुढे पोटापाण्यासाठी काय केलं, ती यादी आज चक्रावून टाकते. डावा बचावपटू रे विल्सन हडर्सफील्डला अंत्यविधीची व्यवस्था करून देण्याच्या व्यवसायात शिरला आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिला. अंतिम सामन्यात तीन गोल मारणारा जेफ हर्स्ट आणि उरलेला एक मारणारा मार्टिन पीटर्स, दोघेही विम्याच्या धंद्यात गेले. रॉजर हंटनं घरचा मालवाहतुकीचा व्यवसाय धरला, जॉर्ज कोहेननं जागा-बांधकामाचा. बॉबी चार्ल्टननं प्रवासी कंपनी काढली. अॅलन बॉल आणि गोलरक्षक गॉर्डन बँक्स यांनी कालांतरानं आपली विश्वचषकाची पदकं लिलावात विकली.

कर्णधार बॉबी मूरची गोष्ट जास्त बोचते. त्याचे धंदे एकामागून एक बसले. मग एका टॅब्लॉइडचं क्रीडा संपादकपद आणि लंडनच्या एका रेडिओ केंद्रावर सामन्यांचं समालोचन, एवढ्यावर त्याची गुजराण चालली होती. १७ फेब्रुवारी १९९३ ला इंग्लंड-सान मारिनो सामन्याचं समालोचन त्यानं कर्करोग अंगात असताना केलं. आठवड्याभरात तो गेला. वय ५१. ज्या खेळाचा तो देशातला सर्वांत ओळखीचा चेहरा, त्या खेळात त्याच्यासाठी खुर्ची होती ती रेडिओच्या खोलीतली.

निवृत्त फुटबॉलपटूंच्या दुसऱ्या डावाबद्दल लिहिताना बहुतेक जण उत्तर माणसाच्या स्वभावात शोधतात. अमका शिस्तीचा म्हणून टिकला, तमका उधळ्या म्हणून बुडाला, तिसऱ्याला बोलायची कला होती म्हणून टीव्हीवर गेला. मला हे अर्धंच पटतं. पन्नास-साठ वर्षांचा पट पाहिला, तर खेळाडू निवृत्तीनंतर कुठे जातो हे त्याच्या गुणांपेक्षा त्या काळात, त्या देशात खेळाचा पैसा कुठून येतो यावर जास्त ठरतं. तिकीटखिडकीच्या पैशावर खेळ चालत होता तेव्हा खेळाडू गावातल्या दुकानात आणि पबच्या गल्ल्यावर दिसायचा. टीव्हीचा पैसा आला तसा तो टीव्हीवर गेला. आपल्याकडे खेळ कारखान्यांनी आणि सरकारी खात्यांनी पोसला, म्हणून आपला फुटबॉलपटू हजेरीपटावर सही करताना सापडतो.

इंग्लंडमध्ये १९६१ पर्यंत फुटबॉलपटूच्या पगाराला कायद्यासारखी कमाल मर्यादा होती. शेवटी शेवटी आठवड्याला वीस पौंड. कितीही मोठा खेळाडू असो, एक पैसा जास्त नाही. प्रेस्टनचा टॉम फिनी इंग्लंडकडून ७६ सामने खेळला, पण वडिलांनी आधी नळजोडणीचं काम शिकवलं होतं. तो खेळत असतानाही प्लंबिंगचा व्यवसाय चालवत होता, आणि लोक त्याला कौतुकानं ‘प्रेस्टनचा प्लंबर’च म्हणत. १९५२ मध्ये इटलीतल्या पालेर्मोनं त्याला घसघशीत पैसे देऊ केले. क्लबनं सोडलं नाही. फिनीसाठी ‘दुसरं करिअर’ असं काही नव्हतंच. दोन्ही एकाच वेळी चालू होती, आणि घर कुठल्या पैशावर चालेल याची जास्त खात्री कुठल्या कामात होती हे सांगायला नको.

पगाराची ही मर्यादा मोडून काढणारा माणूस म्हणजे जिमी हिल. खेळाडू म्हणून फुलहॅमचा, बरा पण थोर नव्हे. १९५७ मध्ये तो खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष झाला, संपाची तयारी करून त्यानं क्लब मालकांना नमवलं आणि जानेवारी १९६१ मध्ये वीस पौंडांची अट गेली. त्याचाच सहकारी जॉनी हेन्स लगोलग आठवड्याला शंभर पौंड घेणारा पहिला खेळाडू ठरला. हिल मग कोव्हेंट्री सिटीचा व्यवस्थापक झाला, संघाला पहिल्या विभागात नेलं, आणि त्या विभागातला पहिला सामना व्हायच्या आतच खुर्ची सोडून लंडन वीकेंड टेलिव्हिजनचा क्रीडाप्रमुख व्हायला निघून गेला. लोकांनी त्याला वेड्यात काढलं. पण पैसा पुढे कुठून येणार हे हिलला इतरांच्या आधी कळलं होतं.

१९७० च्या मेक्सिको विश्वचषकात आयटीव्ही वाहिनीनं स्टुडिओत चार फुटबॉलवाले बसवले: माल्कम अॅलिसन, पॅट क्रेरंड, डेरेक डूगन आणि बॉब मॅकनॅब. भडक कपडे, सिगार, एकमेकांच्या अंगावर जाणं, खेळाडूंची नावं घेऊन टीका. तोपर्यंत टीव्हीवरचा तज्ज्ञ म्हणजे टाय लावून हळू बोलणारा गृहस्थ. या चौकडीनं त्या तज्ज्ञाचं तमाशाच्या फडातल्या सोंगाड्यात रूपांतर केलं, आणि प्रेक्षकांना ते आवडलं. आज जगभर सामन्याआधी, मध्यंतरात आणि नंतर अर्धगोल टेबलामागे बसून वाद घालणारे माजी खेळाडू दिसतात, त्यांचा मूळपुरुष हा. हिल स्वतः १९७३ मध्ये बीबीसीच्या ‘मॅच ऑफ द डे’वर गेला आणि पुढची कित्येक वर्षं त्याची लांबट हनुवटी हा ब्रिटिश विनोदाचा विषय होती.

स्टुडिओतल्या या खुर्चीनं काही माणसांना अक्षरशः वाचवलं. जिमी ग्रीव्हजनं इंग्लंडकडून ५७ सामन्यांत ४४ गोल केले होते, पण १९६६ चा अंतिम सामना त्याला बाकावरून पाहावा लागला. सत्तरच्या दशकात तो दारूत बुडाला. धंदे गेले, घर मोडलं. १९७८ मध्ये त्यानं दारू सोडली, आणि ऐंशीच्या दशकात लिव्हरपूलच्या इयन सेंट जॉनबरोबर शनिवारी दुपारी तो टीव्हीवर येऊ लागला. ‘सेंट अँड ग्रीव्हसी’ हा त्यांचा कार्यक्रम १९८५ ते १९९२ चालला. डावपेचांचं विश्लेषण वगैरे त्यात फारसं नव्हतं. दोन जुने खेळाडू गप्पा मारतायत, एकमेकांची टर उडवतायत, बस्स. माझ्या मते टीव्हीवरच्या फुटबॉलपटूंत ग्रीव्हजइतकं सहज दुसरं कुणी बोललेलं नाही. गंमत अशी की १९९२ मध्ये टीव्हीचा खरा पैसा आला आणि त्याच वर्षी हा कार्यक्रम बंद झाला.

तो पैसा म्हणजे प्रीमियर लीगचा पहिला करार: पाच हंगामांसाठी ३०४ दशलक्ष पौंड. सध्या चालू असलेला चार हंगामांचा देशांतर्गत करार ६.७ अब्जांचा आहे. एवढी किंमत मोजून विकत घेतलेले सामने नव्वद मिनिटांत संपवून चालत नाही. त्यांच्या आगेमागे तासन्‌तास भरायचे असतात, आणि ते भरायला माणसं लागतात. स्काय वाहिनीवर अँडी ग्रे पडद्यावर बाण काढून बचावफळी कुठे फाटली ते दाखवू लागला. बीबीसीवर अॅलन हॅन्सन १९९२ पासून २०१४ पर्यंत बचावाच्या चुका धुंडाळत बसला. ऑगस्ट १९९५ मध्ये मँचेस्टर युनायटेड पहिलाच सामना हरल्यावर, पोरासोरांना घेऊन काही जिंकता येत नाही, असं त्यानं ठासून सांगितलं. त्याच पोरांनी त्या मोसमात लीग आणि एफए कप दोन्ही जिंकले. हॅन्सनची नोकरी गेली नाही. उलट हे वाक्य त्याची ओळख बनलं. प्रशिक्षकाचा अंदाज चुकला तर सोमवारी त्याच्या केबिनवरची पाटी बदलते. तज्ज्ञाचा चुकला तर त्याची क्लिप वीस वर्षं फिरते आणि तो आणखी प्रसिद्ध होतो. खेळातून आलेल्या माणसाला हा व्यवसाय एवढा का मानवतो, याचं एक कारण इथे आहे.

या सगळ्या प्रवासाचं टोक म्हणजे गॅरी लिनेकर. लेस्टरच्या बाजारात वडिलांचा फळं-भाजीचा गाळा. १९८६ च्या विश्वचषकात सहा गोल करून गोल्डन बूट, इंग्लंडकडून ४८ गोल, आणि अख्ख्या कारकिर्दीत एकही पिवळं किंवा लाल कार्ड नाही. बार्सिलोनात गेला तर स्पॅनिश शिकला, शेवटची दोन वर्षं जपानमध्ये नागोयाकडून खेळला. बहुतेक खेळाडू पाहुणे म्हणून स्टुडिओत येतात आणि पाहुणेच राहतात. लिनेकर सूत्रसंचालनाकडे वळला, जे पूर्णपणे वेगळं कसब आहे. पाहुण्याला मत असलं की भागतं. सूत्रसंचालकाच्या कानात निर्माता सेकंद मोजत असतो, समोर तीन माणसं बोलत असतात, आणि वाक्य बरोबर शीर्षकगीतावर येऊन संपवायचं असतं. १९९९ मध्ये डेस लायनमनंतर ‘मॅच ऑफ द डे’ त्याच्याकडे आला तेव्हा पत्रकारांनी नाकं मुरडली. तो पुढे पाव शतक तिथे होता.

त्याचं उत्पन्न तीन वाटांनी आलं, आणि तिन्हींचा एकमेकींशी संबंध आहे. पहिली जाहिरात: लेस्टरच्याच वॉकर्स कंपनीच्या बटाटा वेफर्सचा तो १९९५ मध्ये चेहरा झाला. मैदानावरचा सज्जन मुलगा जाहिरातीत लहान पोरांचे वेफर्स चोरतो, ही कल्पना इतकी चालली की नंतरच्या पिढीला तो वेफर्सवाला म्हणूनच आधी माहीत होता. दुसरी वाट बीबीसीचं मानधन. महामंडळाला २०१७ मध्ये बड्या पगारांचे आकडे जाहीर करावे लागले तेव्हा त्याचं साडेसतरा लाख पौंडांच्या पुढचं मानधन पाहून संसदेपासून चहाच्या टपरीपर्यंत चर्चा झाली. तो नोकर की स्वतंत्र व्यावसायिक, यावरून आयकर खात्यानं ४९ लाख पौंडांचा दावा लावला, तो खटला तो २०२३ मध्ये जिंकला. तिसरी वाट सर्वांत दूरदृष्टीची: गोलहँगर ही निर्मिती कंपनी, तिचा तो सहसंस्थापक. तिचा सर्वांत गाजलेला पॉडकास्ट फुटबॉलचा नाहीच, इतिहासाचा आहे.

मार्च २०२३ मध्ये सरकारच्या निर्वासितविषयक धोरणावर त्यानं समाजमाध्यमावर कडक टीका केली आणि बीबीसीनं त्याला बाजूला काढलं. त्याच्याबरोबरचे तज्ज्ञ अॅलन शिअरर आणि इयन राइट यांनीही खुर्चीवर बसायला नकार दिला. त्या शनिवारी ‘मॅच ऑफ द डे’ वीस मिनिटांचा झाला, समालोचनाशिवाय, तज्ज्ञांशिवाय, नुसते गोल. काही प्रेक्षक म्हणाले की असंच बरं वाटतं, आणि त्यांचं अगदीच खोटं नव्हतं. पण बीबीसीला काही दिवसांत माघार घ्यावी लागली. एक माजी सेंटर फॉरवर्ड देशाच्या प्रसारण महामंडळाला झुकवतो, ही ताकद खेळातून आलेली नाही. ती जवळपास पंचवीस वर्षं दर शनिवारी रात्री घराघरात शिरून मिळवलेली आहे. मे २०२५ मध्ये दुसऱ्या एका पोस्टच्या वादानंतर तो बीबीसीतून बाहेर पडला तेव्हा त्याची स्वतःची कंपनी भक्कम उभी होती.

अॅलेक्स स्कॉटचा उल्लेख इथेच करायला हवा. इंग्लंडकडून १४० सामने खेळलेली ही आर्सेनलची बचावपटू २०१८ मध्ये निवृत्त झाली आणि त्याच वर्षी पुरुषांच्या विश्वचषकात बीबीसीची पहिली महिला तज्ज्ञ म्हणून बसली. तिच्यावर जी घाण उडवली गेली ती इथे उगाळत नाही. मुद्दा एवढाच की टेबलाभोवतीच्या खुर्च्या चार-पाच असतात आणि दर उन्हाळ्यात निवृत्त होणारे खेळाडू शेकड्यांनी. टीव्हीची वाट राजरस्ता दिसते, पण ती आहे फार अरुंद.

बाकीच्यांसाठी धंदा. धंद्यातल्या माजी फुटबॉलपटूंत मला डेव्ह व्हेलनची गोष्ट सर्वांत शिकण्यासारखी वाटते, कारण तिच्यात प्रसिद्धीचा भाग जवळजवळ नाही. मे १९६० च्या एफए कप अंतिम सामन्यात ब्लॅकबर्नकडून खेळताना मध्यंतराच्या थोडं आधी त्याचा पाय मोडला. बदली खेळाडूची सोय तेव्हा नव्हती. ब्लॅकबर्न दहा जणांनिशी खेळलं आणि ०-३ हरलं. व्हेलनच्या हातात नुकसानभरपाईचे जेमतेम चारशे पौंड पडले. ते घेऊन त्यानं विगनच्या बाजारात गाळा टाकला. गाळ्याचं दुकान झालं, दुकानाची स्वस्त मालाची साखळी झाली, ती त्यानं १९७८ मध्ये पंधरा लाख पौंडांना विकली. दरम्यान विगनमधलं मासेमारीच्या गळांचं आणि क्रीडासाहित्याचं एक जुनं दुकान त्यानं घेऊन ठेवलं होतं. तेच पुढे जेजेबी स्पोर्ट्स.

जेजेबी वाढलं ते नव्वदच्या दशकात, आणि ते वाढायला कारण प्रीमियर लीग. टीव्हीवर दिसणारा संघाचा शर्ट आता बापालाही हवा होता आणि पोरालाही, आणि दर मोसमात नवा. म्हणजे खेळणाऱ्या व्हेलनला ज्या खेळानं चारशे पौंड देऊन वाटेला लावलं, त्याच खेळाच्या टीव्हीवाल्या अवतारानं विकणाऱ्या व्हेलनला कोट्यधीश केलं. या शर्टांच्या किमती संगनमतानं ठरवल्याबद्दल जेजेबीला मोठा दंडही झाला, तेही नोंदवलं पाहिजे. १९९५ मध्ये त्यानं चौथ्या पायरीवरचा विगन अॅथलेटिक क्लब विकत घेतला. दहा वर्षांत तो प्रीमियर लीगमध्ये पोचला. मे २०१३ मध्ये एफए कपच्या अंतिम सामन्यात विगननं मँचेस्टर सिटीला भरपाई वेळेतल्या हेडरनं १-० हरवलं, आणि त्या दिवशी संघाला मैदानात घेऊन आला तो ७६ वर्षांचा व्हेलन. तीन दिवसांनी विगन प्रीमियर लीगमधून खाली घसरलं. व्हेलननं जेजेबीतला हिस्सा २००७ मध्येच विकला होता. कंपनी २०१२ मध्ये कोसळली. कधी घ्यायचं यापेक्षा कधी सोडायचं हे त्याला चांगलं कळत होतं.

फ्रान्सिस लीला ते एकदा कळलं आणि एकदा नाही. मँचेस्टर सिटीचा हा पेनल्टीबहाद्दर फॉरवर्ड खेळत असतानाच रद्दी कागदाच्या धंद्यात होता. रद्दीवरून तो टॉयलेट पेपरच्या कारखान्यावर गेला आणि १९८४ मध्ये कंपनी ८३ लाख ५० हजार पौंडांना विकून मोकळा झाला. मग १९९४ मध्ये भावनेच्या भरात आपल्याच जुन्या क्लबचा अध्यक्ष झाला. चार वर्षांत क्लब रसातळाला. कागदाचा हिशेब समजणाऱ्या माणसाला फुटबॉल क्लबचा हिशेब जमला नाही, कारण क्लबला हिशेब नसतोच, निदान चाहत्यांच्या लेखी.

धंदा आणि प्रसारण हे दोन्ही एकाच माणसात पाहायचे तर जर्मनीच्या गुंटर नेट्झरकडे यावं लागतं. लांब केस, फेरारी, मैदानाच्या मधोमध उभं राहून चाळीस मीटरचे पास. बोरुसिया मोंशेनग्लाडबाखकडे पैसा बेताचा, म्हणून नेट्झरनं खेळत असतानाच डिस्को काढला आणि क्लबचं मासिकही चालवायला घेतलं. प्रशिक्षकाशी त्याचं जमायचं नाही. १९७३ च्या जर्मन चषकाच्या अंतिम सामन्यात त्याला बाकावर बसवलं होतं. जादा वेळ सुरू झाल्यावर कुणालाही न विचारता त्यानं अंगावरचं जॅकेट काढलं, मैदानात गेला आणि काही क्षणांत विजयी गोल मारला. निवृत्तीनंतर तो हॅम्बुर्गकडे गेला तो स्टेडियमच्या मासिकाचा ठेका मागायला. अध्यक्ष म्हणाले, आधी संघाचा व्यवस्थापक हो. झाला. त्याच्या कारकिर्दीत हॅम्बुर्गनं तीनदा लीग आणि १९८३ मध्ये युरोपियन कप जिंकला.

पुढे स्वित्झर्लंडमध्ये तो सामन्यांचे प्रसारणहक्क विकण्याच्या धंद्यात उतरला आणि इन्फ्रंट या बड्या कंपनीचा भागीदार झाला. त्याच काळात एआरडी वाहिनीवर राष्ट्रीय संघाच्या सामन्यांना गेरहार्ड डेलिंगबरोबर तज्ज्ञ म्हणून तो बसत असे. दोघं वर्षानुवर्षं एकमेकांना अहो-जाहो करत आणि त्याच अदबीत एकमेकांची साल काढत. त्यांना २००० मध्ये जर्मनीतलं मानाचं ग्रिमे पारितोषिक मिळालं. २००३ मध्ये आइसलँडशी ०-० बरोबरी झाल्यावर राष्ट्रीय प्रशिक्षक रुडी फ्योलर थेट प्रक्षेपणातच या दोघांवर तुटून पडला: यांच्या काळात तरी कुठे पळून खेळत होते! जर्मनीत ती मुलाखत आजही लोक हसत हसत पाहतात. मला त्यात वेगळी गोष्ट खटकते, आणि तिच्यावर तेव्हा फारशी चर्चा झाली नाही. २००६ चा विश्वचषक जगभरच्या वाहिन्यांना विकला इन्फ्रंटनं, आणि त्याच विश्वचषकावर सार्वजनिक वाहिनीवरून निःपक्ष मत देत होता इन्फ्रंटचा भागीदार. नेट्झरचं मत विकाऊ होतं असं मी म्हणत नाही. तो जर्मन संघाला झोडपत असे. पण दुकानदारच परीक्षक असण्याची ही पद्धत तिथून रुळली.

आता तर ती सर्रास आहे. गॅरी नेव्हिल २०११ मध्ये निवृत्त होऊन स्कायवर गेला, आणि टचस्क्रीनवर सामन्याची शस्त्रक्रिया करून दाखवण्यात त्यानं अँडी ग्रेलाही मागे टाकलं. जोडीला त्याची हॉटेलं, मँचेस्टरमधले बांधकाम प्रकल्प, जुन्या सहकाऱ्यांबरोबर घेतलेला सॅल्फर्ड सिटी क्लब. डिसेंबर २०१५ मध्ये तो व्हॅलेन्सियाचा प्रशिक्षक झाला, चार महिन्यांत हाकलला गेला. मधे बार्सिलोनाकडून ०-७ असा मारही खाल्ला. परतल्यावर त्याची विश्वासार्हता कमी व्हायला हवी होती, ती वाढली. डेव्हिड बेकहमनं तर खेळत असतानाच बाजी मारली. २००७ मध्ये अमेरिकेत जाताना करारात त्यानं एक कलम घालून घेतलं: पुढेमागे तिथल्या लीगमधला एक नवा संघ फक्त अडीच कोटी डॉलरना घेण्याचा हक्क. त्या कलमातून इंटर मायामी उभा राहिला. २०१९ मध्ये त्याच लीगमधल्या शार्लट संघासाठी सव्वातीनशे दशलक्ष डॉलर मोजावे लागले, यावरून त्या कलमाची किंमत समजावी. बार्सिलोनाचा जेरार्ड पिके आणखी पुढे गेला. डेव्हिस कप टेनिसचा पंचवीस वर्षांचा करार त्याच्या कंपनीच्या हातून पाच वर्षांत सुटला. पण निवृत्तीनंतर दोन महिन्यांत त्यानं सात-सात खेळाडूंची ‘किंग्ज लीग’ काढली, ती इंटरनेटवरून दाखवली, आणि मार्च २०२३ मध्ये तिच्या अंतिम फेरीला बार्सिलोनाच्या कॅम्प नाऊ स्टेडियमवर नव्वद हजारांहून जास्त लोक आले. पिकेला वाहिनीनं खुर्ची द्यायची गरजच उरली नाही. वाहिनी त्याचीच.

ही नावं वाचून कुणाचाही गैरसमज होईल. खेळाडूंच्या जागतिक संघटनेनं, फिफप्रोनं, २०१५ मध्ये केलेल्या पाहणीत ६०७ खेळणाऱ्या खेळाडूंपैकी ३८ टक्के आणि २१९ निवृत्तांपैकी ३५ टक्के जणांत नैराश्य किंवा चिंतेची लक्षणं आढळली. आणि पैशाचं म्हणाल तर ब्रायन डीनचं उदाहरण पुरे. १५ ऑगस्ट १९९२ ला शेफील्ड युनायटेडकडून मँचेस्टर युनायटेडविरुद्ध त्यानं मारलेला गोल हा प्रीमियर लीगच्या इतिहासातला पहिला. टीव्हीच्या पैशाच्या युगाचं दार त्यानंच उघडलं म्हणा ना. आज तो अकरा माजी खेळाडूंच्या एका गटात आहे. चित्रपटनिर्मिती आणि मालमत्तांच्या योजनांत आर्थिक सल्लागारांच्या सांगण्यावरून गुंतवलेली आयुष्यभराची कमाई गेली आणि वर कराच्या नोटिसा आल्या, असं या गटाचं म्हणणं आहे. त्यांच्यात डॅनी मर्फीही आहे, जो शनिवारी टीव्हीवर दिसतो. पडद्यावर कोट घालून बसलेला माणूस श्रीमंतच असेल असं नाही.

आपल्याकडची गोष्ट वेगळ्याच रुळांवरून गेली. १९५१ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघाचे कर्णधार शैलेन मन्ना भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागात नोकरीला होते. पी. के. बॅनर्जी पूर्व रेल्वेचे, आणि मोहन बागान-ईस्ट बंगालकडून न खेळता रेल्वेकडूनच खेळून ते देशातले सर्वोत्तम विंगर ठरले. चुनी गोस्वामी स्टेट बँकेत. ते तर फुटबॉल सोडून क्रिकेटकडे वळले आणि १९७१-७२ मध्ये बंगालला रणजीच्या अंतिम फेरीत नेऊन मुंबईसमोर हरले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक करणारे नेव्हिल डिसूझा मुंबईत कॅल्टेक्स या तेल कंपनीच्या संघाकडून खेळत. केरळचा आय. एम. विजयन त्रिशूरच्या स्टेडियममध्ये सोडा विकणारा पोरगा. केरळ पोलिसांनी त्याला कोवळ्या वयात घेतलं. पुढे तो कोलकात्याला गेला, सिनेमांत कामं केली, आणि शेवटी २०२५ मध्ये निवृत्त झाला तो पोलीस अधिकारी म्हणून. त्याच वर्षी त्याला पद्मश्री मिळाली.

मुंबईच्या कूपरेजवर रोव्हर्स चषक रंगायचा तेव्हा संघांची नावं वाचली की शहराचा औद्योगिक नकाशा समोर यायचा: टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल, ऑर्के मिल्स, महिंद्र, आरसीएफ, पश्चिम रेल्वे, एअर इंडिया. गोव्यात साळगावकर, धेंपो, सेझा ही खाणमालकांची नावं. या व्यवस्थेत निवृत्ती म्हणजे फारसा धक्का नव्हता. दुपारी तीनला सरावासाठी सुटणारा माणूस आता पाचपर्यंत टेबलावर बसायचा, एवढाच फरक. बढत्या रखडायच्या, सहकारी ‘हा खेळातून आलेला’ म्हणून टोमणे मारायचे. पण पहिल्या तारखेला पगार, भविष्यनिर्वाह निधी, कंपनीचं क्वार्टर. धोका पत्करायची गरज नव्हती, म्हणून धंद्यात पडणारे विरळा. आणि टीव्हीला या खेळाशी देणंघेणं नव्हतं, म्हणून बोलणारेही विरळा.

क्रिकेटमध्येही कंपन्यांच्या संघांमधल्या टाइम्स शील्ड स्पर्धेच्या काळात हेच होतं, सुनील गावसकर निरलॉन कंपनीचेच. पण तिथे टीव्ही आला. गावसकरांनी १९८५ मध्ये, खेळत असतानाच, प्रोफेशनल मॅनेजमेंट ग्रुप काढला, मग स्तंभलेखन, मग समालोचन. संदीप पाटील ‘एकच षटकार’ या मराठी पाक्षिकाचे संपादक झाले. आणि आता तर आयपीएलचं मराठीतून समालोचन होतं. २०२३ च्या मोसमात केदार जाधव ते करत बसला होता, आणि मधेच बेंगळुरू संघाला जखमी खेळाडूच्या जागी माणूस हवा होता म्हणून माईक ठेवून थेट मैदानात गेला. पहिल्या आणि दुसऱ्या करिअरमधली भिंत इतकी पातळ असू शकते, खेळात पैसा असला तर.

फुटबॉलमध्ये हे करून पाहणारा एकच मोठा माणूस, बायचुंग भुतिया. खेळाडूंची संघटना उभी केली, नृत्याचा रिअॅलिटी शो जिंकला, फुटबॉल शाळांची साखळी काढली, २०११ मध्ये युनायटेड सिक्कीम क्लब स्थापला. तो क्लब तेव्हाच्या राष्ट्रीय स्पर्धेत, आय-लीगमध्ये, चढला आणि वर्षभरात पैशाअभावी घसरला. लोकसभेच्या निवडणुकीत हार, स्वतःचा पक्ष, आणि २०२२ मध्ये भारतीय फुटबॉल महासंघाच्या अध्यक्षपदासाठी कल्याण चौबेविरुद्ध ३३-१ असा पराभव. भुतियाला दोष देणं सोपं आहे. पण त्याच्यामागे बाजारच नव्हता. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा संघांचे चेहरे कोण होते? सचिन तेंडुलकर, सौरव गांगुली, रणबीर कपूर, जॉन अब्राहम. फुटबॉलचा संघ विकायलासुद्धा फुटबॉलपटूचा चेहरा पुरेसा नाही, असं बाजारानं ठरवलं होतं.

या लीगनं दोन गोष्टी एकदम केल्या. खेळाडूंचे पगार वाढवले, आणि पगाराच्या नोकरीवाला खेळाडू संपवला. महिंद्र युनायटेडनं २०१० मध्येच संघ गुंडाळला होता. धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे गोव्याचे तीन क्लब २०१६ मध्ये आय-लीगमधून बाहेर पडले. आता खेळाडू दोन-तीन वर्षांच्या करारावर. स्टुडिओत काही माजी खेळाडूंना खुर्च्या मिळाल्या, इंग्रजी, हिंदी, बंगाली, मल्याळममध्ये. पण हे सगळं एका व्यापारी करारावर उभं होतं: वर्षाला पन्नास कोटी रुपये, पंधरा वर्षं. त्याची मुदत डिसेंबर २०२५ मध्ये संपणार म्हणून मोसम वेळेवर सुरूच झाला नाही. महासंघानं नव्या हक्कांसाठी निविदा काढली, नोव्हेंबरच्या अंतिम तारखेपर्यंत एकही बोली आली नाही. ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीनं पहिल्या संघाचे पगार थांबवले होते. पस्तिशीत येणारा प्रश्न पंचविशीतल्या मुलांपुढे उभा राहिला.

कोल्हापुरात हा प्रश्न आधीपासूनच व्यवहारानं सोडवला जातो. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार तालमीचा सामना असला की शहरातली अर्धी दुकानं लवकर बंद होतात. गल्लीतला स्ट्रायकर नगरसेवकाइतका ओळखीचा असतो. अनिकेत जाधव इथूनच २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकापर्यंत गेला. पण तालीम संघात खेळणाऱ्या पोराच्या घरी विचारलं जातं ते इंडियन सुपर लीगबद्दल नाही, राज्य सरकारच्या नोकऱ्यांतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणाबद्दल. स्पर्धा कुठल्या स्तरावरची, प्रमाणपत्रावर क्रमांक कितवा, विभागीय उपसंचालकांकडून पडताळणी झाली का, पोलीस भरतीची जाहिरात कधी निघते. समालोचन, स्टार्टअप, ब्रँड यांच्या गप्पा स्टेडियमबाहेरच्या चहाच्या गाड्यावर होतात. फाइलमध्ये मात्र प्रमाणपत्राच्या तीन साक्षांकित प्रती तयार असतात.